फक्त कांद्यापुरता कुत्रा

आपला प्रश्न असा आहे की, घरात दोन लहान मुले असताना कुत्र्याचे पिल्लू आणले तर रोजच्या जगण्यात नेमके काय घडते, आणि ज्यांनी हा उद्योग करून पाहिला आहे त्यांनी त्यातले काही गमतीचे प्रसंग सांगावेत. आम्ही नागपुरात प्रतापनगर भागात राहतो. थोरली मुलगी आठ वर्षांची आहे, धाकटा सहा वर्षांचा आणि आमची कुत्री तर्री दोन वर्षांची. पिल्लाने दिलेला त्रास मला आता फारसा आठवत नाही. तिने कुरतडलेल्या चपलांचा हिशेबही मी केव्हाच सोडून दिला आहे. खरी दमछाक झाली ती न्यायनिवाडा करताना. मुलांनी तिला पहिल्या दिवसापासून तिसरे भावंड मानले, आणि भावंडांमध्ये 'तिला ते, तर मला का नाही' हा जो खटला अखंड चालू असतो, त्यात चार पायांचा एक पक्षकार वाढला.

ती आली जुलै महिन्यात. तीन दिवस झड लागलेली होती, आणि स्कूटरवर टाकलेल्या आवरणाखाली हे तांबडे गावठी पिल्लू कुडकुडत बसलेले थोरलीला दिसले. तिला त्याचे नाव 'टायगर' ठेवायचे होते. परंतु नळाच्या आवाजानेसुद्धा पलंगाखाली दडणाऱ्या जिवाला वाघ म्हणणे जरा अवघड होते. धाकट्याने त्याच्या पाठीवरून बोट फिरवले आणि रविवारी पोह्यांवर जो तांबडा तिखट रस्सा घेतो त्याचाच हा रंग आहे, असे सांगून 'तर्री' हे नाव जाहीर केले. नागपूरच्या माणसाला यावर वाद घालणे शक्य नसते. माझी आई मात्र दारातूनच म्हणाली, "काऊन आणलं बाप्पा हे? आधीचे दोन पोट्टे कमी होते का घरात?"

पहिला मोठा प्रसंग महिन्याभरातच घडला. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात, आणि खेळता खेळता त्यातला एक धाकट्याच्या मनगटाला लागला. रक्त आले नव्हते, नुसता ओरखडा होता. पण पिल्लू रस्त्यावरचे, आणि रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची म्हणून तिला ती मिळालेली नव्हती. अशा वेळी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते. चार वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटे नळाखाली हात धरून उभे करणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. घरातली सगळी बडबडगीते, दोन आरत्या आणि पाढ्यांपैकी बेचा पाढा संपला, तरी घड्याळात नऊच मिनिटे झालेली होती. डॉक्टरांनी लशीच्या पाच मात्रा सांगितल्या: पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्याही दंडात. आईच्या डोक्यात अजून पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने पक्की बसलेली होती, त्यामुळे 'फक्त पाच आणि तीही दंडात' हे ऐकून तिला डॉक्टरांच्या शिक्षणाविषयीच शंका आली.

थोरलीने यात आपली भर घातली. कुत्रा चावला की माणूस हळूहळू कुत्रा होतो, असे तिने भावाला अत्यंत गंभीरपणे सांगितले. तो घाबरेल असे तिला वाटले असावे. झाले उलटेच: तो कमालीचा आनंदला. त्याने बालवाडीत जाऊन आपण लवकरच कुत्रा होणार असल्याचे सर्वांना कळवले, डब्यातली पोळी हात न लावता खाण्याचा सराव सुरू केला, आणि प्रत्येक इंजेक्शनहून परतल्यावर कपाटाच्या आरशाकडे पाठ करून, मान जमेल तितकी वळवून, तो बारकाईने तपासणी करू लागला. अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप देऊन म्हणाले, "झालं बेटा, संपली सगळी इंजेक्शनं." त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, "मग शेपूट?"

त्यानंतर दातांचे प्रकरण उद्भवले. मुलांच्या तोंडात दुधाचे दात वीस असतात आणि कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात अठ्ठावीस. पुढे माणसाचे बत्तीस होतात, तर कुत्र्याचे बेचाळीस. हा हिशेब मी थोरलीला कौतुकाने सांगितला ही माझी चूक झाली, कारण दहा दात कमी मिळाल्याबद्दल ती दोन दिवस नाराज होती. पिल्लांचे दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, आणि योगायोगाने त्याच सुमारास, सहाव्या वर्षी, थोरलीचा खालचा पुढचा दात पडला. आमच्याकडे पडलेला दात छपरावर फेकून उंदीरमामाकडे नवा दात मागायची रीत आहे. कौले गेली, तेव्हा आता आम्ही तो मोटारीच्या खोलीवरच्या पत्र्यावर फेकतो. नेमक्या त्याच दिवशी केर काढताना सतरंजीवर तर्रीचाही एक दात सापडला: तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार. दोघींचे काम एकदमच व्हावे म्हणून थोरलीने दोन्ही दात एकाच कागदात गुंडाळले आणि पत्र्यावर भिरकावले.

रात्री अकरा वाजता ती उठून आमच्या खोलीत आली. "बाबा, उंदीरमामाने अदलाबदल केली तर?" मी झोपेतच 'नाही करत' असे म्हटले. काही दिवसांनी हिरडीतून नवा दात डोकावला, आणि आरशात पाहताच तिने घर डोक्यावर घेतले. नव्या पटाशीच्या दाताची कड सरळ नसते. तिच्यावर करवतीसारखे तीन बारीक उंचवटे असतात, आणि चावून चावून ते पुढे झिजतात. हे आम्हाला नंतर दंतवैद्यांनी समजावले. त्या सकाळी मात्र तिच्या मते पुरावा निर्विवाद होता, दात तर्रीचाच होता. तिने तर्रीला मांडीवर घेऊन तिचा जबडा उघडला आणि आपला दात त्यात कुठे दिसतो का याचा शोध अर्धा तास चालवला. तर्रीने तो सगळा वेळ शेपटी हलवत सहन केला. धाकट्याची खंत निराळी होती: ज्याला कुत्रा व्हायचे होते त्याला काहीच मिळाले नाही, आणि जिला नको होते तिला दात मिळाला.

खाण्यापिण्याच्या बाबतीत आमच्या घरी एक कायदेशीर पेच निर्माण झाला, तो आजही पुरता सुटलेला नाही. पशुवैद्यांनी तर्रीला काय द्यायचे नाही याची यादी सांगितली होती आणि थोरलीने ती सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावली होती: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि चॉकलेटमधले थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून ही यादी अगदी कडक पाळायची असते. एका रविवारी पोह्यांतले कांदे ताटलीच्या कडेला रचत धाकट्याने फ्रिजकडे बोट दाखवले आणि आपल्यालाही कांदा चालत नसल्याचे सांगितले. मी वकिली पवित्रा घेऊन म्हटले, "ठीक आहे, मग यादी पूर्ण लागू. चॉकलेटही बंद." तो विचारात पडला. पोह्यांचे दोन घास होईपर्यंत तो काहीच बोलला नाही, आणि मग त्याने निकाल दिला: "मी फक्त कांद्यापुरता कुत्रा आहे."

या वाक्याने आमच्या घरातली शिस्त कायमची खिळखिळी केली. पत्नी आता 'मी फक्त भांड्यांपुरती आजारी आहे' असे म्हणते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसते.

याच यादीच्या आधाराने त्याने पुढे कारल्याचाही निकाल लावायचे ठरवले. कारले यादीत नाही, म्हणजे तर्रीला चालते, असा तर्क करून त्याने आजीने केलेली कारल्याची भाजी मुठीत घेतली आणि तर्री जेवत असतानाच तिच्या भांड्यात कोंबली. तर्री गुरगुरली. हा प्रसंग सांगताना मी हसत नाही, कारण त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला होता. मी तिला ओरडलो, आणि नंतर पशुवैद्यांनी मलाच समजावले की, गुरगुरणे ही तिने दिलेली सूचना आहे. त्याबद्दल शिक्षा केली तर पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता सरळ चावतो. तेव्हापासून तर्री जेवत असेल किंवा झोपलेली असेल तर तिच्याजवळ जायचे नाही, आणि मोठे माणूस जवळ नसताना मुलांना तिच्यासोबत एकटे ठेवायचे नाही, हा नियम झाला. आपण पिल्लू आणणार असाल तर एवढे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. धाकट्याने अर्थातच नियमाचे समान वाटप मागितले. आता तोही जेवताना कोणी त्याच्या ताटात भाजी वाढायला आले की गुरगुरतो आणि 'ही सूचना आहे' असे सांगतो.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे तर्रीला फिरवणे पहाटे साडेपाचला किंवा रात्री, आणि तेही तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून चटका बसत नाही ना हे पाहूनच. दुपारी कूलरसमोरची जागा कोणाची, यावर तिघांची भांडणे होतात आणि तर्री जिंकते, कारण ती ओली होऊन येते. अशाच एका दुपारी थोरलीने डॉक्टर-डॉक्टर खेळताना तिच्या काखेत थर्मामीटर लावले आणि १०१ आकडा पाहून आरोळी ठोकली. पत्नीने धावपळ करून पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितले की, कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. ते थर्मामीटर आता वेगळ्या डबीत ठेवले आहे. त्याआधी ते दोन दिवस कोणाच्या तोंडात होते, हे माझ्या आईला आजतागायत सांगितलेले नाही.

सर्वांत मोठा घोळ मात्र गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. त्या दिवशी सकाळी शहरात मारबतीची, म्हणजे गावातली पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक असते आणि संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. इतवारीच्या गर्दीत उभे राहून लोक 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडतात, आणि ज्याची जी तक्रार असेल, महागाई असो वा रस्त्यातले खड्डे, ती तिच्या पदरात घालतात. धाकटा माझ्या खांद्यावर बसलेला होता. आदल्याच रात्री तर्रीने त्याची नवी सँडल फस्त केली होती. मारबत समोर येताच त्याने बेंबीच्या देठापासून आरोळी दिली: "चपला खाणाऱ्या कुत्रीला घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूची माणसे हसली, त्यामुळे त्याला चेव आला आणि त्याने ती आणखी चार वेळा दिली.

संध्याकाळी तान्ह्या पोळ्यासाठी त्याच्या लाकडी नंदीचे चाक निखळलेले निघाले. ऐन वेळी दुसरा नंदी मिळेना, तेव्हा झूल, घुंगरांची माळ आणि पुठ्ठ्याची शिंगे घालून तर्रीलाच उभे करण्यात आले. सजवलेल्या पंधरा-वीस लाकडी बैलांच्या रांगेत हा एकच बैल स्वतःच्या पायांनी चालत होता, आणि घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, घेताना हात चाटून आभारही मानत होता. धाकट्याला मिळालेल्या पैशांपेक्षा तर्रीला मिळालेली बिस्किटे जास्त भरली. वाटपाचा वाद होणार अशी माझी खात्री होती. पण तो चकार शब्दही बोलला नाही. घरी येताना त्याने तिची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

कारण झोपताना कळले. अंधार पडल्यावर त्याला सकाळची आरोळी आठवली होती, आणि मारबत आता तर्रीला न्यायला येणार याविषयी त्याच्या मनात शंका उरलेली नव्हती. मारबतीचे गावाबाहेर दहन होते, ती काही परत येत नाही, असे सांगितल्यावर तो अधिकच रडू लागला, कारण मग तक्रार मागे घ्यायची तरी कोणाकडे? शेवटी थोरलीने वहीचे पान फाडले आणि त्याने सांगितले तसे लिहिले: 'प्रिय मारबत, तर्रीला नेऊ नको. बाकी सगळे ने.' पुढच्या वर्षी मिरवणुकीत देऊ, असे ठरवून ते पान फ्रिजवर, वर्ज्य पदार्थांच्या यादीशेजारी, लावले.

दुसऱ्या दिवशी आईने चष्मा लावून ते वाचले आणि नातवाला विचारले, "काऊन रे, बाकी सगळ्यात मी बी आली का?"

तो तर्रीच्या पाठीवर डोके ठेवून पडलेला होता. त्याने बराच विचार केला.

"तू फक्त कारल्यापुरती," तो म्हणाला.