वाचक विचारतात, डॉक्टर सांगतात: फौजी, सीओपीडी आणि "काही नाही, जरा कफ झालाय"

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे सासरे २२ वर्षं फौजेत होते, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. आता वय ७१. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, सांगितलाय. गेल्या वर्षभरात ४ वेळा ॲडमिट झाले आणि दर वेळी गोष्ट तीच, आठवडाभर "काही नाही, जरा कफ झालाय" म्हणत राहतात आणि मग एका रात्री ओठ निळे पडतात आणि आमची पळापळ. उपचाराचा खर्च सरकारकडून होतो त्यामुळे पैशाचं तसं काही नाही, पण माझ्या नवऱ्याच्या सगळ्या सुट्ट्या संपल्यात, मी हाफ डे करून करून ऑफिसात वाईट झालेय आणि सासूबाई रात्री झोपतच नाहीत. हे असंच चालणार का? बाबांनी सिगारेट सोडून ३० वर्षं झाली, मग आत्ता हे का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते "जरा कफ झालाय" आहे. माझ्याकडे एक रिटायर्ड गृहस्थ यायचे, ताठ बसायचे, किती चालता विचारलं की उत्तर ठरलेलं, "हवं तेवढं." मागे त्यांची बायको मान हलवायची. नंतर कळलं की ते जिन्यात दर सात-आठ पायऱ्यांवर थांबून मोबाईल बघतात, कोणाचा मेसेज वगैरे काही नसतो, दम लागलाय हे दिसू नये म्हणून. चार जिने चढणारा माणूस एकावर आला, मग बाहेर जायचंच बंद केलं आणि तरी "हवं तेवढं"च. तक्रार न करण्याची सवय नोकरीत कामाला येत असेल, पण या आजारात तीच अंगाशी येते.

आता सिगारेटचं. त्यांनी सोडली ते उत्तमच केलं, नाहीतर आज परिस्थिती याहून वाईट असती. पण सिगारेट सोडल्यावर फुफ्फुसं झिजण्याचा वेग कमी होतो, झिजलेलं परत येत नाही. त्यात वयानुसार सगळ्यांचीच ताकद उतरते, त्यामुळे जुना घाटा सत्तरीत दिसायला लागतो. आणि फौजेत सिगारेट हा फक्त वैयक्तिक शौक होता असंही नाही हो, अमेरिकन सैनिकांना तर रेशनच्या डब्यातच सिगारेटी मिळायच्या, ते थेट १९७५ मध्ये थांबलं. वर्कशॉपमधला डिझेलचा धूर, धूळ, वेल्डिंग हे वरून वेगळं.

तुमचा खरा प्रश्न पुन्हा पुन्हा ॲडमिट होण्याचा आहे. या आजारात हॉस्पिटलचा आणि घरच्यांचाही सगळ्यात मोठा भार रोजच्या पंपाचा (इनहेलरचा) नसतो, तो अचानक भडकलेल्या अटॅकचा असतो, म्हणजे दम आणि कफ एकदम वाढतात त्याचा, हार्ट अटॅक नव्हे. एकेक अटॅक फुफ्फुसांची थोडी ताकद घेऊन जातो आणि एक येऊन गेला की पुढचा यायची शक्यता वाढते. म्हणून घराने आपली शक्ती अटॅक लवकर पकडण्यावर लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

हे जमतं का? माजी सैनिकांवरच याचा अभ्यास झालाय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या ५ सरकारी हॉस्पिटलांत ७४३ पेशंट घेतले, निम्म्यांना तास-दीड तास बसवून आजार समजावला, अटॅक सुरू झाला तर काय करायचं त्याचा लेखी कागद आणि औषधं दिली आणि महिन्यातून एक फोन, बस. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा सीओपीडीसाठी ॲडमिट होणं किंवा इमर्जन्सीत जाणं दर पेशंटमागे वर्षाला नेहमीच्या उपचाराच्या गटात ०.८२ वेळा होतं, तर या गटात ०.४८. म्हणजे कोणतंही नवीन महागडं औषध न काढता!

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. तशीच एक योजना त्याच यंत्रणेच्या २० हॉस्पिटलांत केली, ४२६ पेशंट, आणि ती मधेच बंद करावी लागली कारण योजनेतल्या गटात मृत्यू जास्त झाले, २८ विरुद्ध १०. हे २०१२ मध्ये छापून आलं, आणि असं का झालं याचं समाधानकारक उत्तर त्यांनाही मिळालं नाही. मी यातून माझ्यापुरतं एवढंच घेतो की औषधाचं पाकीट हातात देऊन "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणणं धोक्याचं आहे, पलीकडे फोन उचलणारं माणूस पाहिजे. त्यामुळे घरात स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक ठेवायचं का, कधी सुरू करायचं आणि कोणाला कळवायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, शेजाऱ्याचा कागद बघून नको.

तुम्ही काय बघायचं तर तीनच गोष्टी: दम नेहमीपेक्षा जास्त, कफ नेहमीपेक्षा जास्त आणि कफाचा रंग पिवळा-हिरवा. बाबांना "कसं वाटतंय" विचारू नका, उत्तर माहितीये तुम्हाला. "आज आंघोळीनंतर किती वेळ बसावं लागलं" असं विचारा, किंवा सासूबाईंना विचारा. दोन दिवस वेगळं दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन, आठव्या दिवशी नाही. आणि ओठ निळे, बोलताना वाक्य तुटतंय किंवा माणूस गुंगीत वाटतोय असं असेल तर फोनबिन काही नाही, सरळ हॉस्पिटल.

एकदा त्यांना तुमच्यासमोर पंप घ्यायला लावा, प्लीज. स्प्रेवाला पंप असेल तर दाबताना हळू आणि खोल श्वास, मग साधारण १० सेकंद रोखायचा. कोरड्या पावडरचा असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचा. मी असे कितीतरी लोक बघितलेत जे दोन्ही एकाच पद्धतीने घेतात आणि औषध जिभेवर बसतं, वर म्हणतात पंपाने फरक पडत नाही. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. आणि डिस्चार्जनंतर महिन्याभरात फुफ्फुसांच्या व्यायामाचा प्रोग्रॅम, ज्याला रिहॅब म्हणतात, तो मिळत असेल तर अजिबात सोडू नका. दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायाचे स्नायू जातात आणि मग तेवढ्याच चालण्याला अजून दम लागतो.

प्रश्न: मी आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही. वाळवंटात पोस्टिंग होतं, तिथे कॅम्पचा कचरा उघड्यावर जाळायचे. पळताना दम लागतो, पण सीटी स्कॅन आणि फुंकायची टेस्ट नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे.

उत्तर: मनाचं असेलही, पण एवढ्यावर तसं म्हणायची घाई मी करणार नाही. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकन तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, हॉस्पिटलचा कचरा, सगळं विमानाचं इंधन ओतून जाळायचे, इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा तर सुमारे १० एकरांचा होता. तिकडून परतलेल्या आणि दम लागणाऱ्या ८० सैनिकांची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून बघितला तर ३८ जणांच्या बारीक श्वासनळ्या आकसून बंद होत चाललेल्या निघाल्या, आणि यातल्या बहुतेकांचे साधे रिपोर्ट तुमच्यासारखेच जवळपास नॉर्मल होते. (त्यातले बरेचजण २००३ मध्ये इराकमधल्या गंधकाच्या खाणीच्या आगीत सापडलेले.) इराण-इराक युद्धात मस्टर्ड गॅस हा विषारी वायू लागलेल्यांच्या श्वासनळ्यांचंही असंच झालं, काहींना कित्येक वर्षांनी त्रास वाढला.

म्हणून लगेच बायोप्सी करा असं नाही, ते ऑपरेशन आहे. छातीच्या स्पेशालिस्टकडे जा, व्यायाम करताना करायची टेस्ट आणि डिफ्युजनची टेस्ट (फुफ्फुसातून रक्तात वायू नीट जातो का ते बघणारी) करता येईल का विचारा, आणि पोस्टिंगच्या तारखा, जागा, कशाचा धूर होता हे सगळं कागदावर घेऊन जा. कागद जपा, कारण नुकसानभरपाईचं गाडं नेहमी "हे नोकरीमुळेच झालं हे सिद्ध करा" इथे अडतं. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीचा २०२२ चा पॅक्ट कायदा आल्यावर ठरावीक ठिकाणी ड्युटी केलेल्यांना सीओपीडी झाला तर संबंध सिद्ध करायची गरज राहिली नाही, पण त्या आधी लोक वर्षानुवर्षं फायली घेऊन फिरले.

प्रश्न: वडिलांना घरी ऑक्सिजन मशीन दिलंय. ते फक्त रात्री लावतात, दिवसा लोक बघतात म्हणून काढून ठेवतात. चालेल का?

उत्तर: विश्रांतीतही ऑक्सिजन खूप कमी, म्हणजे ऑक्सिमीटरवर साधारण ८८ टक्के किंवा त्याखाली राहतो म्हणून मशीन दिलं असेल तर नाही चालणार. रोज किमान १५ तास लागतात. १९८० च्या अभ्यासात फक्त रात्री लावणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण दिवसा-रात्री दोन्ही वेळा लावणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. उलट ऑक्सिजन थोडासाच कमी असणाऱ्यांना मशीनचा फायदा दिसला नाही, हे २०१६ मध्ये कळलं, म्हणून कशासाठी दिलंय ते आधी विचारा. आणि स्वतःच्या मनाने नॉब वाढवू नका, या पेशंटना ८८ ते ९२ टक्के पुरतं, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. मशीन चालू असताना जवळपास काडी, सिगारेट, गॅस काही नको.

प्रश्न: नवरा फौजेतून आल्यापासून रात्री दचकून उठतो, घाम, धाप. सीओपीडीही आहे. हा दम की भीती, कसं ओळखू?

उत्तर: पुष्कळदा दोन्ही असतं, दम लागला की भीती वाटते आणि भीतीने श्वास उथळ होऊन दम वाढतो. त्या क्षणी ओळखायच्या भानगडीत पडू नका. उठवून बसवा, पुढे झुकून कोपरं मांड्यांवर, नाकाने श्वास आत आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळूहळू बाहेर, तुम्हीही समोर बसून तसंच करा म्हणजे त्याला ताल मिळतो. बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि आकडा लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटांत उतरलं आणि आकडा नेहमीचाच असेल तर सकाळी डॉक्टरांना सांगा, त्यात मानसोपचारतज्ज्ञही आले. उतरत नसेल किंवा आकडा नेहमीपेक्षा खाली असेल तर तेव्हाच निघा. आणि त्याला कोणी झोपेची गोळी दिली असेल तर ती छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका, काही गोळ्यांनी झोपेत श्वासच मंद होतो.