समुद्रात पोहताना शार्कची भीती किती बाळगावी?

आपण शार्कबद्दल विचारले आहे, म्हणून आधी तेवढेच सांगते. शार्कच्या ५०० हून अधिक जातींपैकी ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तीन जातींकडूनच माणसांवरचे बहुतेक गंभीर हल्ले झालेले आहेत, आणि न डिवचता घेतलेले चावे जगभरात वर्षाला साधारण ६० ते ७० असतात. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नद्या, विहिरी, तळी सगळे धरून २०२१ मध्ये सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. भीती बाळगायचीच असेल तर ती पाण्याच्या ओढीची बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी बावीस वर्षांची असताना थोरल्या भावाबरोबर समुद्रात उतरले होते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी गडद, जवळजवळ सपाट होते. दादाने "इथे शांत आहे" म्हणून नेमकी तीच जागा निवडली. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी अशाच पट्ट्यातून समुद्राकडे परतते, त्यालाच रिप करंट म्हणतात. कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकू लागली, आणि मी वळून पाहिले तोवर आमचे टॉवेल दोन ठिपके झाले होते. दादा किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत होता आणि तरीही मागेच जात होता. माझ्या अंगात तेवढे बळ नव्हते, म्हणून मी उताणी होऊन तरंगत राहिले. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे ओढ सैल पडली, तेव्हा किनाऱ्याला समांतर, आडवी पोहत मी फेसाळ पाण्यात आले आणि लाटांनीच मला बाहेर ढकलले. दादाला मात्र जीवरक्षकाने ओढून काढले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

तरीही, मी घाबरून हातपाय गाळले आणि केवळ नशिबाने वाचले, असे तो आजतागायत चारचौघांत सांगतो. ते खरे नाही. ही ओढ सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेग घेऊ शकते. तिच्यापुढे कसलेला पोहणाराही थकतो, आणि माणूस बुडतो तो या थकव्याने, कारण ती खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. आपल्याबरोबर असा कोणी पट्टीचा पोहणारा असेल, तर उतरण्यापूर्वी दहा मिनिटे त्याला वाळूवर उभे करून लाटा कुठे फुटत नाहीत ते दाखवा.

अर्थात काही प्रवाह गोल फिरून पुन्हा आत आणतात आणि आडवे पोहूनही सुटका होत नाही. अशा वेळी तरंगत राहून हात वर करावा. शार्कचा वावर असलेल्या किनाऱ्यावर पहाटे, तिन्हीसांजेला, गढूळ नदीमुखाशी किंवा मासेमारी चालू असेल तिथे उतरू नये, हेही खरेच.