जिंकता संघ सोडून कोच का गेला?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठात एम.एस. करायला गेला आणि तिथल्या कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळतात त्या अमेरिकी फुटबॉलचं, त्याला वेडच लागलं. २०२५च्या नोव्हेंबरअखेर त्यांच्या संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते, राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, तोंडावर आली होती आणि नेमका तेव्हाच त्यांचा हेड कोच लेन किफिन शेजारच्या राज्यातल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात निघून गेला. मुलगा फोनवर रडवेला झाला होता. हातातोंडाशी आलेला घास टाकून कोणी असं का जातं? जास्त पैसे मिळाले, एवढंच कारण का? अशी नोकरी चांगली की वाईट, हे ही माणसं कशावरून ठरवतात? – एक वडील

उत्तर : आधी तुमच्या मुलाला सांगा, की त्याला वाईट वाटलं ते अगदी रास्त आहे. १९९६ ते २०२३ अशी सत्तावीस वर्षं मी नेब्रास्कातल्या लिंकन शहरात काढली. विद्यापीठ, स्टेडियम आणि आमचं घर, सगळं दीड-दोन मैलांच्या आत. तिथे कोच बदलला की किराणा दुकानात, पोस्टात, दाताच्या डॉक्टरकडे दुसरा विषय नसायचा. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर मला बरंच काही सांगावंसं वाटतंय.

पैशाचं आधी उरकून टाकते. मोठ्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांमधल्या, बऱ्याच हेड कोचना आता वर्षाला पन्नास-साठ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळतात. बड्या विद्यापीठांमध्ये पगारात उन्नीस-बीसचाच फरक असतो. किफिनसाठी मिसिसिपीनेही पैशाचा हात आखडता घेतला नव्हता, असंच तेव्हा सगळीकडे छापून आलं. तेव्हा नुसत्या पगारासाठी तो गेला, असं मला वाटत नाही.

मग कशासाठी? माझ्या मते पहिला प्रश्न हा, की विद्यापीठापासून गाडीने चार-पाच तासांच्या आत चांगले खेळाडू किती राहतात. कॉलेज फुटबॉलमध्ये कोचचा निम्मा वेळ सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बोलण्यात जातो. पोरगा कुठे खेळणार, हे पुष्कळदा आईच ठरवते आणि शनिवारी सामना बघून रात्री घरी परतता यावं, एवढीच तिची इच्छा असते. आता नकाशा बघा. लुइझियानाची लोकसंख्या साधारण ४६ लाख, गावागावात फुटबॉल, आणि एसईसी या सगळ्यांत तगड्या कॉन्फरन्समधलं विद्यापीठ राज्यात एकच, लुइझियाना स्टेट. मिसिसिपीची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, आणि तेवढ्यात एसईसीची विद्यापीठं दोन. शिवाय शेजारची अलाबामा आणि लुइझियानाही तिथली चांगली पोरं उचलणार. लुइझियाना स्टेटमध्ये निक सेबन २००३ साली राष्ट्रीय विजेता झाला, त्याच्यामागून आलेला लेस माइल्स २००७ साली आणि त्याच्यानंतरचा एड ओर्जेरॉन २०१९ साली. स्वभावाने तीन टोकांची तीन माणसं, लागोपाठ एकाच खुर्चीत बसली आणि तिघांनीही विजेतेपद मिळवलं. उलट मिसिसिपी विद्यापीठाने एसईसीचं शेवटचं विजेतेपद १९६३ साली मिळवलं होतं. पन्नाशीतल्या कोचला या दोन ओळी शेजारी शेजारी दिसत असणार.

पण नुसती जमीन सुपीक असून भागत नाही. वर कोण बसलंय आणि त्यांचा धीर किती, हा दुसरा प्रश्न. मला विचाराल तर हाच मोठा.

आमच्या नेब्रास्काचंच घ्या. आम्ही गेलो तेव्हा टॉम ऑस्बोर्न कोच होते. पंचवीस वर्षांत २५५ विजय, एकाही मोसमात नवापेक्षा कमी नाहीत. १९९४ आणि १९९५ची राष्ट्रीय विजेतेपदं झाली होती, १९९७चं आमच्या डोळ्यांदेखत झालं. शेजारच्या आजी, एका शेतकऱ्याची विधवा, मला पहिल्या सामन्याला घेऊन गेल्या. त्यांच्याकडे लाल कापडात शिवलेली एक गादी होती, थंडगार बाकावर टाकायला. एका कानात रेडिओची नळी, कारण डोळ्यांनी बघितलेलं निवेदकाकडून पुन्हा ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांनी माझ्या मनगटाला लाल फुग्याची दोरी बांधली आणि बजावलं, आपला पहिला टचडाउन, म्हणजे गोलच म्हणा, होईपर्यंत सोडायचा नाही. तो झाला आणि हजारो लाल फुगे एकदम वर गेले. माझी गाठ सुटेना, तर आजींनी दातांनी दोरी तोडली. १९६२च्या नोव्हेंबरपासून त्या स्टेडियमवरच्या एकाही सामन्याची तिकिटं उरलेली नाहीत. एवढं प्रेम, एवढा पैसा, मोठ्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ राज्यात नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याहून चांगली नोकरी कुठली?

आणि तरी ती फार अवघड नोकरी आहे. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, त्यातली बरीचशी ओमाहा आणि लिंकनमध्ये. पश्चिमेकडे मैलोन् मैल गाईगुरं आणि कुरणं. वेगवान खेळाडू बाहेरून आणावे लागतात. पूर्वी ते टेक्सासमधूनही यायचे, कारण आमचे सामने तिकडे होत. २०११ साली विद्यापीठ बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलं, टेलिव्हिजनचे पैसे वाढले, पण टेक्सासची ती वाट मोडली. लोकांच्या अपेक्षा मात्र ऑस्बोर्नच्या काळातल्याच राहिल्या. त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिचने २००३मध्ये नऊ सामने जिंकले, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी कोलोरॅडोला हरवलं आणि शनिवारी त्याला काढलं. बो पेलिनीने सात वर्षांत नवापेक्षा कमी सामने कधी जिंकले नाहीत. त्यालाही २०१४ साली काढलं. पुढे २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं संघाला बऱ्यापैकी जिंकणाऱ्यांना मिळणारा मोसमाअखेरचा बोल सामनाही नशिबी आला नाही. नऊ विजय कमी वाटणाऱ्यांना मग चार-पाच विजयांवर दिवस काढावे लागले, याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

आता मिसुरी नदी ओलांडून शेजारच्या आयोवात या. तशीच शेती, तशीच थंडी, खेळाडूंची तशीच चणचण. तिथे १९७९पासून फक्त दोन हेड कोच झाले, हेडन फ्राय आणि १९९९पासून कर्क फेरेन्झ. फेरेन्झने पहिल्या वर्षी अकरापैकी एक सामना जिंकला, दुसऱ्या वर्षी बारापैकी तीन. कोणी त्याला हात लावला नाही. चौथ्या वर्षी त्याचे अकरा विजय झाले. त्याच काळात आमच्याकडे ऑस्बोर्ननंतर सहा कोच आले. मला कोणी विचारलं, की तुमचा भाऊ कोच असता तर त्याला कुठली नोकरी घ्यायला सांगितली असती, तर मी डोळे मिटून आयोवा म्हणेन. तिथे संघाकडून काय होऊ शकतं आणि लोकांना काय हवंय, यांत फारसं अंतर नाही. हे अंतर जिथे कमी, ती नोकरी चांगली.

अलीकडे नियम बदलल्याने हा हिशेबही हललाय, तेवढं थोडक्यात सांगते. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरे करून, पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं. १ जुलै २०२५पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देतात. पहिल्या वर्षासाठी याची मर्यादा एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यामुळे कोच आता मुलाखतीत स्वतःच्या पगाराआधी खेळाडूंसाठी किती ठेवलेत, ते विचारतो. इंडियाना विद्यापीठ बघा. हरण्यातच ज्याचं नाव होतं, तिथे कर्ट सिग्नेटी नावाचा साठी उलटलेला कोच आला. जेम्स मॅडिसन या आधीच्या लहान विद्यापीठातले डझनभर खेळाडू त्याने बरोबर आणले. २०२३मध्ये तीन सामने जिंकलेला संघ २०२४मध्ये अकरा जिंकला आणि २०२५च्या मोसमात एकही न हरता राष्ट्रीय विजेता झाला. दहा वर्षांपूर्वी कुठल्याही कोचने इंडियानाला चांगली नोकरी म्हटलं नसतं.

म्हणूनच किफिनने बरोबर केलं की चूक, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. जमीन बघितली तर बरोबर. पण लुइझियाना स्टेटमध्ये त्याच्या आधीच्या ब्रायन केलीला चौथ्या मोसमाच्या मध्यावरच काढलं होतं. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पुढचा कोच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, निवडणार नाहीत असं पत्रकारांसमोर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ते डायरेक्टर पायउतार झाले. ज्या घरात गव्हर्नर, देणगीदार, विश्वस्त असे चार कर्ते पुरुष आहेत, तिथे नांदणं सोपं नाही. मी त्याच्या जागी असते तर मिसिसिपी विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड गावातच राहिले असते, निदान ती प्लेऑफ पुरी होईपर्यंत तरी. आणि तुमच्या मुलाला हेही सांगा, की कोच गेल्यावर त्याच पोरांनी त्याच्या जागी आलेल्या पीट गोल्डिंगच्या हाताखाली शुगर बोल या प्लेऑफच्या सामन्यात जॉर्जियाला हरवून उपांत्य फेरी गाठली. ते त्याला ठाऊक असेलच, पण वडिलांच्या तोंडून ऐकायला त्याला आवडेल.

प्रश्न : हरणाऱ्या कोचला काढताना कोट्यवधी डॉलर का द्यावे लागतात? चांगलं काम केलं नाही, तर द्यायचे कशाला? – एक वाचक

उत्तर : कारण ते जिंकत असताना कबूल केलेले असतात. टेक्सास ए अँड एमचा जिम्बो फिशर २०२०मध्ये दहापैकी नऊ सामने जिंकला. तो दुसरीकडे जाऊ नये म्हणून पुढच्या वर्षी करार वाढवून दिला, सगळी रक्कम हमीची. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याला काढलं तेव्हा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं निघालं. कोचच्या दृष्टीने हमी हेच नोकरीचं एक आकर्षण असतं; धीर नसलेल्या मालकाकडे तो आधीच किंमत मागून ठेवतो.

लिंकनचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. स्कॉट फ्रॉस्ट हा नेब्रास्काच्याच एका छोट्या गावातला मुलगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. तो २०१८च्या मोसमासाठी कोच म्हणून परत आला तेव्हा आजींनी जुना लाल कोट इस्त्रीला दिला होता. पाचव्या मोसमात घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नसारख्या लहान संघाकडून ४५-४२ असा पराभव झाला. करारानुसार १ ऑक्टोबर २०२२नंतर काढलं असतं तर त्याला ७५ लाख डॉलर द्यावे लागले असते, आधी काढलं तर दीड कोटी. त्याला ११ सप्टेंबरलाच काढलं, रविवारी. तीन आठवडे कळ सोसली असती तर निम्मे पैसे वाचले असते. मी आजींकडे गेले तेव्हा त्या पायरीवर बसून गादीची उसवलेली शिवण घालत होत्या. म्हणाल्या, पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा येतंय, गादी लागेल.