सिंगापूरमध्ये परदेशी कामगारावरची लेव्ही मालक पगारातून कापू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ आयटीआय झालाय, सिंगापूरला बांधकामाच्या साइटवर काम मिळतंय, मूळ पगार महिना ९०० सिंगापूर डॉलर. पण एजंट म्हणतो, "सरकारची लेव्ही फार आहे, कंपनी सगळी भरणार नाही, पहिलं वर्षभर महिन्याला ३०० डॉलर पगारातून जातील." आणि दुसरा एजंट मलेशियाला चल म्हणतोय, कारण तिथे लेव्ही कमी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही कापू शकत. लेव्ही ही परदेशी कामगार ठेवल्याबद्दल मालकाने सरकारला द्यायची रक्कम आहे. पगारातून, रोखीने, डिपॉझिट म्हणून, कुठल्याही नावाने ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. भावाने कागदावर सही करून होकार दिला तरी ती कपात कायदेशीर होत नाही.

मी इथे सिंगापूरमध्ये एका छोट्या बांधकाम कंत्राटदाराकडे पगारपत्रकं आणि परमिटचं काम बघते. लेव्हीचं बिल दर महिन्याला माझ्याच टेबलावरून जातं. नुसतं "नाही" म्हणून तुमच्या भावाचं भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लेव्ही त्याच्या पगारातून कापली नाही तरी त्याचा पगार किती ठरतो, रजा कधी मिळते आणि काम नसताना त्याला किती दिवस ठेवतात, या सगळ्याच्या मागे लेव्हीचा हिशोब असतो.

सिंगापूरने ही पद्धत १९८० मध्ये बांधकामातल्या परदेशी कामगारांपासून सुरू केली, पुढे बाकी क्षेत्रांत आणली. कारण असं की बाहेरचा माणूस स्वस्त पडला तर मालक इथल्या माणसाला विचारणारही नाही आणि यंत्रंही घेणार नाही. इथल्या माणसासाठी मालकाला सीपीएफ, म्हणजे आपल्या पीएफसारख्या फंडात, पगाराच्या १७ टक्के वर भरावे लागतात (५५ वर्षांपर्यंतच्या कामगारासाठी). परदेशी वर्क परमिटवाल्यासाठी सीपीएफ नाही. तेव्हा सरकार म्हणतं, तो फरक आणि वर थोडं आम्हाला द्या. हे पैसे सरकारी तिजोरीत जातात. कामगारांच्या नावाने त्याचा काही फंड वगैरे नसतो, त्यामुळे "लेव्ही शेवटी परत मिळते" असं कोणी सांगितलं तर ती थाप आहे.

आयटीवाले जे एम्प्लॉयमेंट पासवर येतात त्यांच्यावर लेव्ही नाही. मधल्या एस पासवर १ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट महिना ६५० डॉलर. खालच्या वर्क परमिटवर क्षेत्राप्रमाणे दर बदलतो, आणि काही क्षेत्रांत कंपनीत परदेशी जितके जास्त तितका दर चढत जातो. उदाहरणार्थ सेवा क्षेत्रात साध्या कौशल्याच्या कामगारामागे, परदेशी कामगार एकूण मनुष्यबळाच्या १० टक्क्यांपर्यंत असतील तर ४५०, त्यापुढे २५ टक्क्यांपर्यंत ६००, आणि ३५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत ८०० डॉलर. घरकामाच्या बाईमागे ३००, पण घरात सिंगापूरचं नागरिक असलेलं १६ वर्षांखालचं मूल असेल तर फक्त ६०. इथल्या मराठी कुटुंबांमध्ये लेव्हीचा विषय निघतो तो बहुतेक या ३०० आणि ६० वरूनच. साइटवरच्या माणसाचा दर किती, हे विचारलं तर फारसं कोणाला सांगता येत नाही.

बांधकामात टप्पे नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून भारतातून आलेल्या कामगारामागे साध्या कौशल्याचा असेल तर महिना ९०० डॉलर, वरच्या कौशल्याचा असेल तर ५००. आणि एका पूर्णवेळ स्थानिकामागे जास्तीत जास्त पाच परदेशी. आधी ही मर्यादा सात होती.

९०० हा आकडा पुन्हा वाचा. तुमच्या भावाचा मूळ पगारही ९०० च आहे. मालकाला तो महिन्याला किमान १,८०० ला पडतो, वर डॉर्मिटरी, विमा, वैद्यकीय खर्च, शिवाय प्रत्येक माणसामागे सरकारकडे ५,००० डॉलरची हमी. एवढं करूनही मालक त्याला बोलावतोय, म्हणजे त्याच्या कामाला इथे तेवढी किंमत आहे. "लेव्ही परवडत नाही म्हणून तुझ्याकडून घेतो" हे वाक्य कोणी ऐकवलं तर हा हिशोब डोक्यात असू द्या. मालक ही बेरीज करूनच परमिटला अर्ज करतो.

आता जे एजंट कधीच सांगत नाही ते. साइटवर साध्या कौशल्याच्या कामगाराला आर टू आणि वरच्या कौशल्याच्या कामगाराला आर वन म्हणतात. नवा माणूस येतो तो बहुतेक आर टू म्हणून, ९०० च्या दराने. पुढे अनुभव, परीक्षा आणि ठराविक पगार अशा अटी पूर्ण केल्या की तो आर वन होतो आणि मालकाची लेव्ही ५०० वर येते. महिन्याला ४०० वाचले, वर्षाला ४,८००. भाऊ काही बोलला नाही तर ते सगळे ४,८०० मालकाच्याच खिशात राहतात. म्हणून आर वनची परीक्षा कंपनी कधी देऊ देते, खर्च कोण करतं आणि झाल्यावर पगार किती वाढतो, हे आल्या आल्या सुपरवायझरला विचारायचं. माझ्या पाहण्यात जी मुलं हे विचारतात त्यांचा पगार वाढतो, निदान दोन-तीन डॉलर रोजाने. जी गप्प बसतात त्यांच्या नावासमोर आर वन लागतं आणि पगार तोच राहतो. मला याचा राग येतो, पण पगारवाढ ठरवणं माझ्या हातात नाही.

लेव्ही दिवसावर मोजतात. महिन्याचा दर गुणिले १२ भागिले ३६५, म्हणजे ९०० च्या दराने रोजचे साधारण २९ डॉलर ५९ सेंट. परमिट चालू आहे तोवर हे चालू. पाऊस पडला, सिमेंट आलं नाही, काम थांबलं तरी चालूच. पुढच्या महिन्याच्या मध्यावर बँकेतून आपोआप वळती होते, चुकली तर महिना २ टक्के दंड, आणि थकली तर परमिटंच धोक्यात. म्हणूनच काम संपलं की मालक परमिट रद्द करण्याची एवढी घाई करतो. त्यात दर वेळी दुष्टपणाच असतो असं नाही, पण ज्याचं तिकीट निघालं त्याला ते काय सांगणार!

सलग किमान सात दिवस कामगार देशाबाहेर रजेवर असेल तर मालक लेव्ही माफीचा अर्ज करू शकतो, वर्षाला जास्तीत जास्त ६० दिवसांसाठी. काम मंद असलं की "जा, गावी जाऊन ये" असा आग्रह होतो तो यातूनच. गणपतीला यायचं असेल तर भावाने हे ध्यानात ठेवून रजा मागावी, मिळण्याची शक्यता वाढते. तिकीट कोण काढणार ते मात्र आधी ठरवून घ्यावं.

आता त्या ३०० डॉलरबद्दल. बारा महिन्यांचे ३,६०० होतात, म्हणजे ९०० च्या पगाराने चार महिन्यांची कमाई. माझा अंदाज असा की हे पैसे लेव्हीचे नाहीतच. लेव्ही मालकाच्या खात्यातून थेट सरकारकडे जाते, त्यात एजंटचा हात कुठेच लागत नाही. हे एजंटचं कमिशन आहे, नाहीतर मालक आणि एजंट दोघांनी वाटून घ्यायची रक्कम, आणि "सरकारची लेव्ही" म्हटलं की माणूस वाद घालत नाही म्हणून ते नाव. सिंगापूरमधल्या एजन्सीला कामगाराकडून कराराच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार, तोही कमाल दोन महिन्यांचा, एवढंच घेता येतं. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. नोकरी देण्यासाठी मालकाने कामगाराकडून पैसे घेतले तर ३०,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वसुली कशी होते तेही सांगते, कारण ती पगारचिठ्ठीवर दिसत नाही. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, मनुष्यबळ मंत्रालयाला दाखवायला सगळं चोख. मग संध्याकाळी एक माणूस डॉर्मिटरीच्या एटीएमजवळ उभा राहतो आणि प्रत्येकाकडून रोख घेतो. किंवा एटीएम कार्डच सुपरवायझरकडे ठेवून घेतात. दुसरा प्रकार परमिट नूतनीकरणाच्या वेळचा: "लेव्ही वाढली, रिन्यू करायचं तर हजार दे." असं झालं तर तारीख, रक्कम, कोणी मागितले, हे मोबाइलवर लिहून ठेवायचं, मेसेज पुसायचे नाहीत. तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करता येते. मायग्रंट वर्कर्स सेंटरची मदतवाहिनी चोवीस तास चालते, आणि टीडब्ल्यूसीटू आणि होम या स्थलांतरित कामगारांसाठीच्या संस्थाही मदत करतात.

निघण्याआधी एक कागद हातात आलाच पाहिजे: आयपीए, म्हणजे परमिटची तत्त्वतः मंजुरी. त्यात मूळ पगार, भत्ते आणि कपाती आकड्यांत लिहिलेल्या असतात, आणि तो माणूस विमानात बसण्याआधी त्याला देणं मालकाला बंधनकारक आहे. जेवण-राहण्याची कपात तिथे लिहिलेली असू शकते, ती चालते. लेव्हीची कपात तिथे कोणी लिहिणार नाही, आणि एजंटला "मग आयपीएवर लिहून द्या" म्हटलं की त्याचा आवाज बदलतो. एकदा म्हणून बघाच. मंजुरी खरी आहे का हे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं.

एक अडचण आपल्या बाजूची. कमी शिकलेल्या कामगारांसाठी ज्या १८ देशांना जाताना आपल्या सरकारची परवानगी लागते त्यात सिंगापूर नाही. मलेशिया आहे, पण दहावी पास माणसाला तीही लागत नाही. म्हणजे तुमच्या भावाचे कागद मध्ये कोणी सरकारी अधिकारी तपासणार नाही, तुम्हालाच तपासावे लागतील. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावर बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मलेशियाचं म्हणाल तर तिथे लेव्ही खरंच कमी आहे: कारखाने आणि बांधकामासाठी वर्षाला १,८५० रिंगिट, मळ्यांसाठी ६४०. पण ती कमी असल्याने भावाला काय मिळणार? लेव्ही मालकाची, तिचा फायदाही मालकाचा. तिथे २०१३ पासून काही वर्षं ती कामगाराच्या पगारातून कापू देत होते, १ जानेवारी २०१८ पासून ती पुन्हा मालकावर आली. तरी जुनी सवय म्हणून कापतात अशा तक्रारी असतात. तुलना करायची तर पगाराची करा. तिथलं किमान वेतन १,७०० रिंगिट आहे. ते आणि इथले ९०० डॉलर रुपयांत मांडा, राहण्याचा खर्च आणि एजंटचे पैसे वजा करा.

कोणी सौदीचं नाव काढलं तर तिथला प्रकार वेगळा. मालकाची फी २०१८ मध्ये महिना ३०० ते ४०० रियाल होती, ती २०२० पर्यंत ७०० ते ८०० झाली. शिवाय २०१७ पासून सोबत राहणाऱ्या बायको-मुलांमागे वेगळी फी, माणशी महिना १०० पासून सुरू होऊन ४०० पर्यंत गेलेली. ती मालकाची नाही, कामगाराला स्वतःला भरावी लागते. कोकणातल्या कितीतरी घरांनी तेव्हा बायका-मुलं परत गावी पाठवली. तिथे "लेव्ही" शब्द ऐकला की कोणती, हे विचारायलाच हवं.

भावाचं आयपीए आलं की नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून पगार आणि कपातीचा भाग इथे टाका, बघून सांगते. तोपर्यंत एजंटला एक रुपयाही देऊ नका.