गावच्या घरासाठी ‘डिजिटल टीव्ही’ कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्याजवळच्या गावी आईवडील राहतात, घरात २१ इंची जुना डबा टीव्ही आणि कौलांवर अँटेना, दूरदर्शन दिसेनासं झालंय. दुकानदार म्हणतो सगळं डिजिटल झालं, आता डिजिटल टीव्हीच घ्यावा लागेल. तर कोणता घ्यावा?

आधी आमच्या मामाची गोष्ट ऐका, कारण तो याच वाक्याला फसला होता.

केबल डिजिटल करायची सक्ती झाली तेव्हा मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली आणि पुण्यासह ३८ शहरांची ३१ मार्च २०१३ ला. मामा पुण्याचा. केबलवाला दर महिन्याला पैसे न्यायला आला की सांगायचा, “काका, बॉक्स लावून घ्या, नाहीतर चित्र जाईल.” मामाने त्यातलं ‘चित्र जाईल’ एवढंच ऐकलं. एरवी मोठी खरेदी पाडव्याशिवाय न करणारा माणूस, पण मार्चमध्येच जाऊन ३२ इंची एलसीडी घेऊन आला. विक्रेत्याने ‘फुल डिजिटल’ म्हणून सांगितलं होतं. जुना टीव्ही सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकला. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी नव्या टीव्हीवर निळा पडदा आणि वर ‘नो सिग्नल’. खाली वॉचमनने वेळेवर बॉक्स लावून घेतला होता, त्यामुळे मामाच्याच जुन्या डब्यावर सगळी चॅनेलं लख्ख. मामी दोन दिवस तिथे जाऊन मालिका बघून आली. मामाला हे अजून आठवून दिलेलं आवडत नाही.

तर टीव्ही वेगळा आणि सिग्नल वेगळा. डिजिटल झालं ते प्रक्षेपण. ते उलगडून टीव्हीला कळेल असं चित्र करायचं काम बॉक्स करतो, आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकं मागे असली की वीस वर्षांपूर्वीचा टीव्हीसुद्धा ते चित्र दाखवतो. फार जुन्या सेटला नुसती अँटेनाची एकच पिन असते. तिथे मध्ये मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावावी लागते. तेव्हा वडिलांचा टीव्ही अजून धड असेल तर नवा घ्यायलाच हवा असं नाही. आधी बॉक्स लावून बघा. पैसे वाचले तर दुकानदाराला माझं नाव सांगू नका.

तुमच्याकडचं दूरदर्शन गेलं त्याचं कारण केबल नाही. दूरदर्शनने जमिनीवरून चालणारे उरलेसुरले अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केले, सीमेजवळचे वगैरे मोजके सोडून. त्यामुळे कौलांवरचा अँटेना आता कावळ्यांच्या उपयोगाचा. मुंबई, छत्रपती संभाजीनगर अशा काही ठिकाणी अँटेनावरच डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, आणि त्यासाठीचा ‘डीव्हीबी-टी२’ ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, काही टीव्हींमध्ये असतो. साताऱ्याकडच्या गावात त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आईवडिलांना सह्याद्री, बातम्या, कीर्तन आणि अधूनमधून सिनेमा एवढंच हवं असेल तर डीडी फ्री डिश लावा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच काय तो खर्च, महिन्याचं भाडं नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे, म्हणजे तुमच्या गावातून आग्नेयेला आणि चांगला वर, साधारण साठ अंशांवर. त्या बाजूला अंगणातलं आंब्याचं झाड येत असेल तर छत्रीची जागा आधीच बदला, पुढच्या वर्षी फांदी वाढून चित्र जातं. आणि श्रावणात नाही, पण आषाढातल्या धो धो पावसात चित्र अडकणार म्हणजे अडकणार. ते कुठल्याच टीव्हीने सुटत नाही, पैसे भरून घेतलेल्या डीटीएचलाही ते चुकलेलं नाही.

काही नव्या मॉडेलांमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच येतो. दुकानात ‘डीव्हीबी-एस२ आहे का’ असं विचारा आणि माहितीपत्रकात छापलेलं दाखवायला सांगा, नुसत्या ‘हो हो आहे’वर जाऊ नका. असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते, फ्री डिशची खुली चॅनेलं बॉक्सशिवाय दिसतात. सेटिंगमध्ये एलएनबी (छत्रीच्या पुढे बसवलेली सिग्नल पकडणारी डबी) लिहिलं असेल तिथे ९७५० हा आकडा द्यायचा. पैशाची चॅनेलं घ्यायची असतील तर कंपनीचा बॉक्स लागतोच, मग या ट्यूनरचा काही फायदा नाही.

आता आकार. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. मुलगा पुण्याहून कौतुकाने ५५ इंची फोर-के घेऊन जातो आणि वडील फोन करतात की चित्र पुसट दिसतंय. पुसट दिसणारच. फ्री डिशची बहुतेक चॅनेलं साध्या दर्जाची, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असतात. फोर-केचा पडदा ३८४० बाय २१६०. गुणाकार करून बघा, बरोबर वीस पट. आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करावे लागतात, आणि ते तो अंदाजाने करतो. कबड्डीच्या सामन्यात खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे विरघळल्यासारखे होतात, बातम्यांची खालची पट्टी वाचताना डोळे ताणावे लागतात. तेच चित्र ३२ इंचावर सहा-सात फुटांवरून छान दिसतं. म्हणून फक्त फ्री डिश असेल तर ३२ इंच घ्या. घरी बऱ्यापैकी इंटरनेट असेल, नातवंडं सुट्टीत येऊन यूट्यूब लावणार असतील किंवा एचडी डीटीएच घेणार असाल तरच ४३. पूर्वी ३२ च्या वर गेलं की जीएसटी १८ चा २८ टक्के व्हायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो भेद गेला, त्यामुळे ४३ आता तेवढा अंगावर येत नाही.

बातम्या देणारी बाई गाल फुगल्यासारखी दिसत असेल तर टीव्हीत बिघाड नाही, जुन्या चौकोनी चित्राला रुंद पडद्यावर ताणलेलं असतं. पिक्चर साइझमध्ये ४:३ करा.

टीव्हीच्या मागे बघून घ्या. एचडीएमआयची दोन भोकं तरी हवीत, आणि फ्री डिशचा स्वस्तातला बॉक्स असेल तर त्या तीन रंगी पिना हव्यात. हल्ली बऱ्याच सेटला तिन्हींच्या जागी एकच बारीक भोक असतं आणि सोबत जोडवायर येते. ती पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर रद्दीत जाते, तेव्हा जपून ठेवा. आवाज दुकानातच ऐका, तोही गाण्यावर नाही, बातम्यांवर. पातळ टीव्हींचा आवाज मागे भिंतीकडे जातो, सत्तरीच्या माणसाला शब्द कळत नाहीत. पॅनेल फुटलं तर दुरुस्ती जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीत जाते. त्यामुळे साताऱ्यातून दुरुस्तीला कोण येतो हे ब्रँडच्या नावाआधी विचारा.

वळवाच्या पावसाआधी आकाश कडाडायला लागलं की वीजेची पिन काढतात सगळे, छत्रीची वायर मात्र कोणी काढत नाही. वीज जवळ पडली की त्या वायरीतून येऊन आधी बॉक्स आणि मग टीव्हीचं एचडीएमआय जळतं. आमच्याकडे असंच गेलं, आणि वॉरंटीत बसत नाही असं ऐकून घ्यावं लागलं. दोन्ही काढायला सांगा.

शेवटचं, रिमोट. घरून “टीव्ही बिघडला” असे जे फोन येतात, त्यातल्या बहुतेक वेळी ‘सोर्स’चं बटण चुकून दाबलेलं असतं. मी आईच्या रिमोटवर त्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी लावली आहे, आणि बॉक्सच्या रिमोटला लाल रबर गुंडाळलाय. चॅनेल बदलायचं ते लाल रबरवाल्याने, एवढंच तिला सांगितलंय.