पल्परचं नंतर बघू, आधी २८ मार्चचं बोला

कुडाळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९. सासूबाई आणि जाऊबाईंना सोबत घेऊन घरच्या पडवीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत, आमसुलं, आंब्याचा पल्प आणि फणसपोळी करतात. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी सातवीत. उलाढाल १६ लाख, वहीप्रमाणे नफा साडेचार लाख. त्या लिहितात, ‘धंदा चार वर्षं आहे तिथेच आहे. ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, हातात पैसा नसतो. नेमकं काय बदलू? १२ लाखांचं पल्प आणि कॅनिंगचं मशीन बघून आलोय, ३५ टक्के सबसिडी मिळते म्हणतात. हायवे पुरा झाला की गिऱ्हाईक दुप्पट होईल.’ सोबत वहीची पानं आणि पासबुकाचे फोटो आहेत.

ताई, पत्रापेक्षा तुमचं पासबुक जास्त बोलकं आहे. त्यातल्या दोन ओळी बघा. २८ मार्च: विमा हप्ता, १,००,००० नावे. ८ एप्रिल: सोनेतारण कर्ज, २,००,००० जमा. आदल्या वर्षी हेच, तारखा दोन-चार दिवस इकडेतिकडे. आणि २८ मार्चच्या आठवडाभर आधी मुलीच्या नावाच्या युलिपचे, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीचे, ४८,००० गेलेले. म्हणजे रातांबे, कोकमाची फळं, उतरायच्या तोंडावर तुम्ही दीड लाख रुपये विमा कंपन्यांना देता आणि मग रातांबे घ्यायला पैसे नाहीत म्हणून दागिने घेऊन बँकेत जाता. एप्रिलची चणचण धंद्याची नाही. ती मार्चमध्ये तुम्ही स्वतः तयार करता.

आता ही लाखाची पॉलिसी काय आहे ते बघू. दरवर्षी एक लाख, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी २० लाख मिळणार. ‘गॅरंटीड दुप्पट’ असं तुम्ही लिहिलंय. दुप्पट खरं, पण वीस वर्षांनी. परतावा निघतो वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. सोनेतारणावर तुम्ही १२ टक्के भरता. बाराने उचलायचे आणि साडेचाराने ठेवायचे, याला बचत म्हणत नाहीत.

तुम्ही म्हणाल, दोन हप्ते भरून झालेत, आता सोडली तर दोन लाख बुडतील. चला, बुडाले धरू. सगळे, एक पैसाही परत येत नाही असं धरू. उरलेले आठ हप्ते, म्हणजे आठ लाख, त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाकले आणि मुदत वाढवत विसाव्या वर्षापर्यंत ठेवले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी जवळपास २२ लाख होतात. व्याजदर पुढे थोडा खाली-वर होईल, मान्य. तरी दोन लाखांवर पाणी सोडूनही तुम्ही पॉलिसीच्या पुढे जाता. प्रत्यक्षात कंपनी काहीतरी सरेंडर व्हॅल्यू देईलच. ती किती, हे कंपनीला ईमेल करून लेखी मागा. बँकेतल्या मॅडमना विचारू नका. ‘लोनची लिमिट वाढवायची तर एक पॉलिसी घ्यावीच लागते’ असं त्यांनीच सांगितलं होतं ना? कर्जासोबत विम्याची सक्ती बँकेला करता येत नाही. पुन्हा कुणी असं म्हणालं तर ‘हे लेटरहेडवर लिहून द्या’ एवढंच म्हणा. विषय तिथेच संपतो.

आणि यजमानांचं ‘टॅक्स वाचतो’? मार्च आला की शाळांच्या स्टाफरूममध्ये एजंटांची जत्रा भरते, ती काही अजून उठलेली नाही. पण सरांचा पगार वर्षाला ८ लाख आहे आणि तुम्हीच लिहिलंय की शाळेने त्यांना नव्या करप्रणालीत धरलंय. २०२५-२६ पासून तिथे पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही आणि विमा हप्त्याची वजावटही मिळत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवायला दीड लाख घालताय.

युलिपला पाच वर्षांचा लॉक-इन आहे, म्हणजे तोवर पैसे काढता येत नाहीत. तीन हप्ते झालेत. आता थांबवलात तर थोडा आकार कापून रक्कम ‘डिसकंटिन्यूड’, म्हणजे बंद केलेल्या पॉलिसींच्या, फंडात जाईल आणि पाच वर्षं पुरी झाल्यावर मिळेल. थांबवा. सरांची जुनी, ३२,००० हप्त्याची पॉलिसी मात्र चालू ठेवा. वीसपैकी सोळा वर्षं भरून झालीत, आता सोडण्यात अर्थ नाही. तिन्ही मिळून वर्षाला एक लाख ऐंशी हजार जातात आणि सरांना उद्या काही झालं तर घरात वीस लाखही धड येत नाहीत. ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, या रकमेच्या दहाव्या हिश्शात बसतो. तो आधी घ्या, हातात येऊ दे, मग बाकीच्यांना हात लावा. क्रम उलटा करू नका.

आता तुमचा प्रश्न.

वहीतला साडेचार लाख नफा मला मान्य नाही. सासूबाई आणि जाऊबाई हंगामात साधारण १२० दिवस राबतात, त्यांची मजुरी वहीत कुठेच नाही. ४०० रुपये रोजाने दोघींचे ९६,००० होतात. घरच्या माणसांना कसली मजुरी, असं म्हणू नका. जाऊबाईंनी उद्या काजूच्या फॅक्टरीत जायचं ठरवलं तर त्यांच्या जागी बाई आणावी लागेल आणि ती रोज मागेल. तुमचा स्वतःचा पगार महिना १२,००० तरी धरा, वर्षाचे १,४४,०००. सोनेतारणाचं सात महिन्यांचं व्याज १४,००० तुम्ही घरखर्चात टाकलंय, ते धंद्याचं. उरले दोन लाखांच्या आत.

मशीनचे १२ लाख. दहा टक्के तुमचे, बाकी कर्ज. ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता महिना साडेअठरा हजार, वर्षाचे सव्वादोन लाख. धंद्याचा सगळा नफा हप्त्यात गेला आणि वर थोडे कमीच पडले. सबसिडी म्हणाल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, हे बरोबर आहे. पण ती पहिल्या दिवशी हातात पडत नाही. रक्कम बँकेत वेगळी ठेवतात. तीन वर्षं कर्ज नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं तर ती जमा धरतात. मशीन विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, कारण त्याचे पैसे त्याला पहिल्याच दिवशी मिळतात.

शिवाय मशीन कशासाठी, तर पल्पसाठी. तुमच्याच वहीतून: कॅनिंगचा आंबा ३५ रुपये किलो, निम्मा साल-बाठ्यात जातो, म्हणजे पल्पच्या किलोला आंबाच ७० चा. साखर, डबा, गॅस, मजुरी, मुंबईचं भाडं धरून १४० पर्यंत जातो. विकता १६० ला, तोही उधारीवर. आगळाची अर्ध्या लिटरची बाटली तुम्हाला ५० ला पडते, घरून १०० ला जाते, मे महिन्यात आणि गणपतीत रोखीने. पल्पला हापूसचं नाव आहे, पण कमावून देतो तो रातांबा. मोठं मशीन आणून तुम्ही किलोमागे वीस रुपये सुटणारा, उधारीचा माल वाढवणार आहात.

मुंबई-गोवा हायवेचं म्हणाल तर चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हाही अशीच दुप्पट गिऱ्हाइकांची पत्रं आली होती. रस्ता होईल तेव्हा होईल, कर्जाचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

मला तुमच्या पत्रातली वेगळीच ओळ खटकली, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला, त्याच्या आधीही आठवडाभर ऊन नव्हतं, आणि तुमच्या अंगणातल्या दीडेकशे किलो आमसुलांना बुरशी आली. आगळात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून केलेला माल शेवटच्या पुटाला फेकावा लागला. ४०० रुपयांनी ६०,००० गेले. आणि पुढची ओळ: ‘ड्रायर ९०,००० ला सांगतात, पण तेवढे पैसे कुठले?’ ताई, २८ मार्चचे. एका वर्षाच्या हप्त्यात ड्रायर येतो आणि वर दहा हजार उरतात.

तेव्हा यंदा धंद्यात बदलायचं ते एवढंच. ड्रायर रोखीने घ्या, कर्ज नको. पल्प निम्म्यावर आणा, ऑर्डर आणि आगाऊ रक्कम आली तरच करा. युलिपच्या हप्त्यातून टर्म विमा भरून जे उरेल ते आणि पल्पमधून सुटलेले पैसे मार्चअखेर बाजूला ठेवा. रोख देणाऱ्याकडे रातांबेवाले आधी येतात आणि भावही जरा सोडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सोनं लागलंच तर पन्नास हजारांपुरतं, दोन लाखांचं नाही. धंद्याचं खातं वेगळं उघडा. सरांचा पगार, गॅसची टाकी आणि रातांब्याचे पैसे एकाच पासबुकात असले तर पुढच्या वर्षीही मला असाच उलगडा करत बसावं लागेल. दोन हंगाम मजुरी धरून वही लिहा, मग पल्परचा विषय काढू.

मुंबईच्या दोन दुकानदारांकडे अडकलेले एक लाख सत्तर हजार. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी, नाही असं दिसतं. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. कुणी दोन हजार मागितले तर देऊ नका. नोंदणीनंतरच्या प्रत्येक बिलावर तो नंबर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. नाहीतर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. नंबर बघून त्याचा सीएच त्याला सांगेल. जुन्या बाकीला याचा उपयोग नाही, तिथे फोनच करावे लागतील. दिवाळीपासून बाकी ठेवलेल्याला नवा माल मुळीच देऊ नका.

आणि एक, तुम्ही सहज लिहिलंय म्हणून. म्हापशाच्या दुकानाला सरबत पाठवता ना? मालासाठी जीएसटी नोंदणीची जी ४० लाखांची सूट आहे, ती करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला लागू होत नाही. बांदा ओलांडलं की गोवा, म्हणजे दुसरं राज्य. पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. सगळी बिलं घेऊन या आठवड्यात सीएकडे जा. तोवर म्हापशाचा माल थांबवा.