साडेचार लाखांचं इंजेक्शन आणि माघारी फिरलेली पेशी

प्रश्न : ताई, नमस्कार. गोळीबार चौकाजवळ माझी सावजी खानावळ आहे. मुलगी 14 वर्षांची. नऊ वर्षांची असताना टाइप 1 डायबेटिस निघाला, तेव्हापासून दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेते. मागच्या महिन्यात तिला एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवर चीनमधली बातमी दाखवली : साध्या पेशींवर केमिकल टाकून स्टेम सेल केल्या आणि एका पोरीचं इन्सुलिन सुटलं. तेच आम्ही देतो म्हणाले. तीन इंजेक्शनं, साडेचार लाख, अर्धे आधी. घरात बेसा रोडचा प्लॉट विकायची गोष्ट चालू आहे. बातमी खरी आहे का?
– एक वडील, नागपूर

उत्तर : भाऊ, बातमी खरी आहे. आणि प्लॉट विकू नका.

तुम्हाला जी दाखवली ती तिआंजिनची 25 वर्षांची तरुणी. तिच्याच चरबीतल्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत रसायनांनी त्यांच्या स्टेम पेशी केल्या (म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा), आणि त्या स्टेम पेशींपासून स्वादुपिंडात असतात तसे इन्सुलिन तयार करणारे पुंजके वाढवले. जून 2023 मध्ये ते पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले. अडीच महिन्यांनी तिला बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागेना. वर्षभराचा हिशोब 2024 मध्ये छापून आला. पण त्या बातमीतली एक ओळ तुम्हाला दाखवली नसेल. त्या मुलीचं आधी यकृताचं प्रत्यारोपण झालेलं होतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला आधीपासून चालू होती. टाइप 1 मध्ये आपलंच शरीर इन्सुलिनच्या पेशी खातं. तुमच्या पोरीला ती औषधं नाहीत. नव्या पेशी तिच्या शरीरात टिकतील का, याचं उत्तर त्या एका मुलीवरून मिळत नाही.

आता केमिकलचं. कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. कातडीची पेशी त्यातला आपल्या कामाचा भाग वापरते, बाकीचा गुंडाळून ठेवते. आईच्या ट्रंकेत तळाशी घडी घातलेली नऊवारी असते तसा. आहे, पण निघत नाही. तो काढता येतो हे जॉन गर्डन यांनी 1962 मध्येच दाखवलं. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, म्हणजे डीएनए असतो तो भाग, त्यांनी केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून बेडकाचं पिल्लू वाढलं. 2006 मध्ये जपानचे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पेशीत चार जनुकं घालून तिला माघारी स्टेम पेशीच्या अवस्थेत फिरवलं. दोघांना 2012 चं नोबेल मिळालं. यामानाकांच्या पद्धतीत एक खोच होती. जनुकं आत पोचवायला विषाणू वापरले होते, आणि चारातलं एक जनुक कॅन्सरशी नातं असलेलं. बीजिंगच्या होंगकुई डेंग यांच्या गटाने 2013 मध्ये उंदराच्या पेशी नुसत्या सात रसायनांनी वळवल्या. रसायन काम झालं की धुऊन टाकता येतं, जनुकांत काही घुसवावं लागत नाही, म्हणून त्याचं एवढं कौतुक. माणसाच्या पेशी मात्र ऐकेनात. त्या 2022 मध्ये ऐकल्या. मधल्या टप्प्यावर त्यांची अवस्था ॲक्सोलॉटलच्या पेशींसारखी दिसली. पाय तुटला तर नवा उगवणारा पाण्यातला प्राणी तो. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, तरी हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

या खटाटोपाला सुरुवातीला 50 च्या आसपास दिवस लागत. पुढच्याच वर्षी त्या गटाने ते महिन्यावर आणले, काही वेळा त्याहूनही कमी. एकूण चार टप्पे, प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. तुम्ही सावजीचा मसाला करता. खसखस, खोबरं, दगडफूल एकदम कढईत टाकून मोठी आच दिली तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू! इथेही तसंच : दुसऱ्या टप्प्याचं रसायन पहिल्यात गेलं की पेशी मरते, नाहीतर अर्धवट अडकते.

क्लिनिकमध्ये गुलाबी पाण्याची बाटलीही दाखवली असेल, ती फार दाखवतात. तो रंग स्टेम पेशींचा नाही. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात फेनॉल रेड नावाचं सूचक असतं, द्रव आंबला की ते पिवळं होतं. पीएच.डी.च्या वेळी मी उंदराच्या कातडीच्या पेशी वाढवत असे. तान्ह्या पोळ्याला भाच्याचा लाकडी बैल सजवायला घरी थांबले आणि द्रव बदलायचा राहिला. दुसऱ्या दिवशी ताटली लिंबाच्या सरबतासारखी पिवळी. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी एका दिशेला पोहणाऱ्या मासोळ्यांसारख्या लांबट पेशी दिसायच्या; त्या दिवशी गोल गोल होऊन तळ सोडून तरंगत होत्या. सहा आठवड्यांचं काम एका सणात गेलं. सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून कुणी म्हणालं की आम्ही आठवड्यात पेशी तयार करून टोचतो, तर मला ती पिवळी ताटली आठवते. आणि समजा खरंच स्टेम पेशी असल्या, तर जास्तच भीती. पेशी खरोखर माघारी फिरली का हे तपासायला ती उंदरात टोचतात आणि गाठ होते का बघतात. त्या गाठीत हाड, आतड्याचं अस्तर, मेंदूसारखे तंतू, सगळं एकत्र सापडतं. पूर्ण न वळलेल्या मोजक्या पेशी इंजेक्शनातून गेल्या तर हे पोरीच्या अंगात होऊ शकतं.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठी अस्थिमज्जेच्या पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कोणताही उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सिकलसेलमुळे आपल्या विदर्भात अस्थिमज्जेची गोष्ट घराघरात पोचली आहे; तिचा आधार घेऊनच ही दुकानं बोलतात. त्या डॉक्टरांना सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, मुलगी स्वतःच शोधू शकेल. क्रमांक देण्याऐवजी पाठीवर हात ठेवून ‘भाऊ, विश्वास ठेवा’ म्हणाले, तर चहा न घेता उठा.

जे पैसे निघतील त्यातून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरची चौकशी करा, दंडावर लावायचा असतो. शाळेत बोट टोचायला लागू नये एवढं तरी तिला आत्ताच मिळेल.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. या सात रसायनांत फोर्स्कोलिन आहे असं वाचलं. तेच वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये पण आहे. मग कॅप्सूल घेऊन पेशी तरुण होतील का?
– धरमपेठ

उत्तर : नाही. ताटलीतल्या पेशीला ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत, इतर सहा जणांबरोबर मिळतं. तुझ्या पोटातून यकृतात गेल्यावर त्यातलं किती कुठे पोचेल? एक मात्र लक्षात ठेव, मौखिक परीक्षेत कामी येईल. हे रसायन 1970 च्या दशकात आपल्याच देशात, मुंबई आणि लखनौच्या प्रयोगशाळांत, कोलियसच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं. मराठीत त्याला माईनमूळ म्हणतात. गुजरातेत त्याच मुळांचं लोणचं घालतात, आणि ते खाणाऱ्यांचे केस वेळच्या वेळी पिकतात.